ओव्हन बंद नव्हता

आमच्या कारखान्यातला ओव्हन मी तिथं असेपर्यंत एकदाही बंद पडला नाही. हे पहिल्याच वाक्यात सांगून टाकते. कारण कंपनीच्या कॉम्प्युटरमध्ये तो दरवर्षी कितीतरी वेळा बंद पडल्याची नोंद आहे, आणि त्या नोंदीवरून कुणी आमच्या माणसांना नावं ठेवली तर मला आजही राग येतो. संपादकांनी 'तुमच्या क्षेत्रातले काही हृद्य अनुभव' मागितले होते. हृद्य वगैरे मला जमत नाही. लातूरच्या एमआयडीसीत पत्रा, पाइप आणि रंग यांच्यात माझी उभी नोकरी गेली. तिथं जे घडलं ते सांगते.

माझं काम प्रॉडक्शन प्लॅनिंगचं. घरच्यांना ते शेवटपर्यंत कळलं नाही. नणंदबाई अजून पाहुण्यांना सांगतात, "वहिनी पलंगाच्या कारखान्यात हिशेब लिहायच्या." अहो, हिशेब नाही! लग्नघरी शेगड्या दोन, पदार्थ दहा आणि पंगतीची वेळ ठरलेली असते. तेव्हा मधोमध उभी राहून "आधी भात उतरवा, मग कढई चढवा" असं ओरडणारी एक बाई असते ना, ती मी. कोणती ऑर्डर आधी, कोणती मागून, कोणत्या मशीनवर, कुणाच्या हाताखाली, हे रोज सकाळी ठरवायचं आणि दुपारपर्यंत ते तीनदा मोडताना बघायचं.

आम्ही होस्टेलच्या लोखंडी कॉट आणि क्लासचे बाक बनवायचो. पाइप कापायचा, वाकवायचा, वेल्डिंग करायचं, घासायचं, धुवायचं. मग बूथ नावाच्या बंदिस्त खोलीत त्याच्यावर रंगाची कोरडी पावडर मारायची आणि ओव्हनमध्ये भाजून ती पक्की करायची. या धंद्यातली खरी गोम रंगात आहे. सकाळी पांढरा घ्यायचा, मग क्रीम, राखाडी, तपकिरी आणि काळा सगळ्यात शेवटी. काळ्याच्या मागून पांढरा घेतला की अर्धी पाळी बूथ झाडण्यापुसण्यात जाते. एवढं करूनही काळा ठिपका पांढऱ्या कॉटवर बसतोच, आणि गिऱ्हाईक नेमकं त्याच ठिपक्यावर बोट ठेवतं.

मी लागले तेव्हा कारखाना म्हणजे एक शेड आणि शेठजी. त्र्याण्णवचा भूकंप नुकताच होऊन गेला होता आणि नव्या गावठाणांतल्या घरांची लोखंडी दारं-खिडक्या आम्ही करत होतो. एक दिवस किल्लारीकडची एक म्हातारी लेकाला घेऊन शेडमध्ये आली. दारांना हात लावलावून बघितलं आणि म्हणाली, "बाई, दार भाईर उघडंल आसं करा. आत उघडणारं दार दगडानं दाबलं व्हतं. आमी भाईर यायलो तर दार हलंना." नकाशात दार आत उघडणारं होतं. मी शेठजींना न विचारता चौकटी उलट्या बसवायला आणि बिजागऱ्या बाहेरच्या अंगाला लावायला सांगितलं. तपासणीला आलेल्या माणसानं नकाशा माझ्यापुढं धरला. मी म्हटलं, "नकाशा काढणारे त्या घरात झोपणार आहेत का?" शेठजी दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. दारं मात्र तशीच गेली.

नंतर लातूरला क्लासचं वेड लागलं. गल्लीगल्लीत होस्टेल, मेस, अभ्यासिका. आमची शेड वाढत वाढत कारखाना झाली, नांदेडला दुसरं युनिट निघालं. गिऱ्हाइकंही नवी आली, एकेक नमुना. एका क्लासच्या सरांना बाकाला पाठच नको होती. "पाठ टेकली की पोरं झोपतात," म्हणे. शेठजींनी ऑर्डर घेतली. पण प्लॅनिंगवाल्याच्या हातात एक शस्त्र असतं, ते म्हणजे रांग. मी त्या ऑर्डरीला असा मुहूर्त लावला की तो काही उगवेना. शेवटी वैतागून सर म्हणाले, "पाठ लावा, पण बाक द्या." दुसऱ्याच दिवशी त्यांची गाडी भरून गेली. लेकरांना सकाळपासून दिवेलागणीपर्यंत तिथं बसायचं असतं, हे मी माझ्या मुलाच्या बारावीत बघितलं होतं.

रेल्वेनं लातूरला पाणी आलं त्यानंतर थोड्याच काळानं कारखान्यात ते सॉफ्टवेअर आलं. शेठजी थकले होते, कारभार त्यांच्या मुलाकडं, निखिलशेठकडं गेला होता. पुण्याच्या कंपनीचा कन्सल्टंट आला, पडद्यावर रंगीत पट्ट्या दाखवल्या आणि म्हणाला, "ही सिस्टिम तुमच्याकडून शिकते." म्हणजे असं, की दिवसाचा प्लॅन ती मांडणार. तुम्हाला पटला नाही तर पट्टी बोटानं ओढून हवी तिथं लावायची. ओढली की ती विचारणार, 'बदलाचं कारण?' मशीन थांबलं तरी तोच प्रश्न. त्या कारणांवरून ती तुमची रीत शिकणार, आणि हळूहळू तुम्ही कराल तसाच प्लॅन आपणहून करणार. तिच्यासाठी वेगळी केबिन झाली, एसी लागला, आणि तिचा एक पडदा खाली बूथशेजारी बसला. पोरांनी तिचं नाव ठेवलं 'जावई'.

जावई हुशार होता, ते कबूल करते. देगलूरचे एक होस्टेलवाले होते. ड्रायव्हरशी कानडी, फोनवर बायकोशी तेलुगू, आणि माझ्याशी मराठीत घासाघीस. त्यांना मजल्यागणिक वेगळ्या रंगाच्या कॉट हव्या होत्या. जावयानं पहिल्यांदा काळ्याच्या मागे पांढरा लावून ठेवला. मी पट्ट्या ओढल्या. पुन्हा चुकला, पुन्हा ओढल्या. दिवाळी होईपर्यंत तो फिक्याकडून गडदकडं बिनचूक लावायला लागला. त्या दिवशी मला खरंच बरं वाटलं. इतकी वर्षं कुणी माझ्याकडून काही शिकायचं म्हटलं नव्हतं.

पण तो आमच्याकडून आणखीही एक गोष्ट शिकत होता, आणि ती आमच्या लक्षात आली नाही.

आमच्या भागात वेळ अमावस्या असते. लोक येळवस म्हणतात. मार्गशीर्षातल्या त्या अमावस्येला गावात आणि शहरात माणूस सापडत नाही. सगळे शेतात. कडब्याची खोप, तिच्यात पूजा, भज्जी, आंबील, उंडे, खीर. शेत नसलेल्यांनासुद्धा कुणी ना कुणी बोलावतं. त्या दिवशी कारखाना चालू ठेवायची कुणाची टाप नव्हती. पण कागदोपत्री सुट्टी नाही, आणि रजा असो की गैरहजेरी, महिन्याचा हजेरीचा बोनस जातो. मग आमचे सुपरवायझर शेखभाई काय करायचे? सगळ्यांची हजेरी लावायचे आणि लिहायचे, 'ओव्हन बंद.' ओव्हन बंद म्हणून काम बंद. पुढच्या रविवारी सगळे येऊन तेवढं काम काढून द्यायचे. शेठजींनाही हे माहीत होतं. रजिस्टर होतं तेव्हापासूनची ही पद्धत.

हळूहळू ओव्हन सगळ्यांच्याच उपयोगी पडायला लागला. कुणाच्या घरी मयत झाली, लिहा ओव्हन बंद. पावडरची गाडी आली नाही, ओव्हन बंद. निखिलशेठच्या मित्राच्या ॲकॅडमीला तातडीनं काळ्या खुर्च्या पाहिजेत, शेठचा फोन आला, पांढऱ्या कॉट मधेच थांबवून खुर्च्या घातल्या आणि अर्धी पाळी बूथ पुसण्यात गेली. हे लिहायचं कसं? मालकाचं नाव कोण घालणार? ओव्हन बंद. जावई आला तेव्हा पडद्यावर मोजकीच कारणं होती, त्यांत 'ओव्हन बंद' सगळ्यात वर. शेखभाईंचं बोट आपोआप तिथं जायचं. "ओव्हनकू क्या पेट है मॅडम? उसके नाव पे डाल दो," म्हणायचे. कुणाच्याही पोटावर पाय येऊ नये एवढाच सगळ्यांचा हेतू होता.

जावयानं ते सगळं मन लावून शिकून घेतलं. आधी तारीख शिकला. येळवस पंचांगाप्रमाणं पुढंमागं सरकते, ते त्याला कोण सांगणार? पुढच्या वर्षी त्यानं जुनी इंग्रजी तारीख मोकळी ठेवली आणि खऱ्या येळवशीला वर्षातला सगळ्यात भरगच्च प्लॅन मांडला. आम्ही हसलो. मग तो म्हणायला लागला, ओव्हन भरवशाचा नाही. निखिलशेठनी पुण्याहून ओव्हनचा इंजिनिअर बोलावला. त्यानं ओव्हन पार खोलला, बर्नर काढले, पंखे काढले, पुन्हा बसवले, आणि सांगून गेला, "ओव्हन अगदी उत्तम आहे. कुणीतरी लेकरासारखा सांभाळलाय."

यावरून निखिलशेठनी काय काढावं? ओव्हन चांगला, तरी सारखा बंद पडतो, म्हणजे चालवणारा वाईट.

ओव्हन चालवायचा व्यंकट. रेणापूरकडचा, माझ्या मागून चार-पाच वर्षांनी लागलेला, अबोल माणूस. त्याची मुलगी कोमल बारावीला होती, नीटची तयारी करत होती. तिच्यासाठी गावातलं घर बंद करून नवराबायको लातूरला एका खोलीत राहायला आले होते. मशीन किती वेळा बंद पडलं त्यावरून जावयानं प्रत्येक ऑपरेटरला गुण दिले होते, आणि व्यंकट सगळ्यात खाली होता. निखिलशेठनी मीटिंगमध्ये सांगितलं, ओव्हन मार्चनंतर ठेकेदाराकडं जाईल, व्यंकटला मोकळं करायचं. नोकरी गेली तर खोली जाणार, खोली गेली तर पोर ऐन परीक्षेच्या तोंडावर गावाकडं.

व्यंकट माझ्या टेबलाशी येऊन उभा राहिला. "ताई, इतकी वर्सं काम करायलो. एक डाव बी ओव्हन बंद पडू दिला न्हाई. मंग त्या मशीनीला आसं सांगितलं तरी कुणी व्हो?"

कुणी म्हणजे काय, सगळ्यांनीच! मी तडक निखिलशेठच्या केबिनमध्ये गेले आणि येळवशीपासून पावडरच्या गाडीपर्यंत सगळं सांगितलं. त्यांच्या फोनचंही सांगितलं. त्यांनी ते तेवढं ऐकलं नसल्यासारखं केलं. म्हणाले, "मॅडम, तोंडी मी कशाकशावर विश्वास ठेवू? सिस्टिम युजरकडून शिकते. तुम्ही म्हणता ते खरं असेल तर तिला शिकवा. गुण बदलले तर मी माझा निर्णय बदलेन."

"बदलाल?"

"बदलेन."

मला एवढंच पाहिजे होतं. पडद्यावर कारणांच्या तळाशी 'इतर' असा एक रकाना होता. तिथं हवं ते टाइप करता येई. आजवर त्याला कुणी हात लावला नव्हता.

अडचण निराळीच होती. खरं लिहायचं तर गैरहजेरी गैरहजेरीच लिहावी लागणार, आणि येळवस तोंडावर आलेली. मी चहाच्या सुट्टीत सगळ्यांना सरळ सांगितलं, की व्यंकटला ठेवायचं तर तुमचा बोनस जाईल. मी कुणालाही गळ घालणार नाही. वेल्डिंगच्या एकानं कुरकुर केली, घरचा खर्च त्याला तोंडपाठ होता. त्याला मी दोष देत नाही. मग शेखभाई उठले. "हमने बेचारे ओव्हनकू बदनाम किया, और भुगते व्यंकट? मेरा रजेचा अर्ज पैला." मराठीवर आले की शेखभाई संतापलेले आहेत हे ओळखायचं.

त्या वर्षी येळवशीच्या आदल्या दिवशी अख्ख्या पाळीनं रजेचे अर्ज दिले. कारखान्याच्या आयुष्यात पहिल्यांदा. मी 'इतर'मध्ये टाइप केलं, 'येळवस. सगळे शेतात गेले आहेत. ओव्हन उत्तम आहे.' आणि मीही व्यंकटच्या शेतात जाऊन भज्जी खाऊन आले. कोमल तिथंही खोपीत पुस्तक घेऊन बसली होती.

तिथून पुढं मी काही सोडलं नाही. 'पावडरची गाडी आली नाही. ओव्हन तयार होता.' 'शेखभाईंच्या आईची मयत. ओव्हन तयार होता.' 'धाकट्या शेठचा फोन. मित्राच्या काळ्या खुर्च्या मध्ये घेतल्या. बूथ पुसला. ओव्हन तयार होता.' शेवटचं कारण फारच वेळा लिहावं लागलं, त्याला मी काय करणार? शेखभाई म्हणायचे, "मॅडम, नोकरी जाएगी." माझी निवृत्ती जवळ आली होती, पण म्हणून मी धीट झाले असं कुणी समजू नये. तिशीत असते तरी हेच केलं असतं.

मार्च आला. पुण्याचा कन्सल्टंट प्रगती दाखवायला आला आणि त्याच दिवशी म्हातारे शेठजीही येऊन बसले. भिंतीवर मोठा पडदा. कन्सल्टंट खुशीत होता. "आता सिस्टिम नुसतं शिकत नाही, पुढचं ओळखते," असं म्हणून त्यानं पुढच्या आठवड्याचा प्लॅन उघडला. पांढऱ्या कॉटच्या पट्टीला लागून एक रिकामी पट्टी होती. त्यानं तिच्यावर बोट ठेवलं. पडद्यावर ठळक अक्षरांत उमटलं, 'धाकट्या शेठचा फोन येण्याची शक्यता जास्त. अर्धी पाळी मोकळी ठेवावी.'

शेठजींनी चष्मा लावला आणि ते मोठ्यानं वाचलं. एकदा वाचून समाधान झालं नाही, पुन्हा वाचलं. "का रे निखिल," ते म्हणाले, "हे मशीन तुला चांगलंच ओळखून हाय की!" कन्सल्टंटला हसावं की नाही कळेना. मी सरळ म्हटलं, "ऑपरेटरचे गुण दाखवा." व्यंकट सगळ्यात वर होता. शेठजींनी विचारलं, "ह्याला काढायलेत व्हय? कामून?" व्यंकट राहिला.

गोष्ट इथं संपवली असती तर मी जिंकले असं वाटलं असतं. पण दुसऱ्या दिवशी मी कॉम्प्युटर उघडला तर 'इतर'चा रकाना गायब. निखिलशेठनी तो काढून टाकायला लावला होता. कारणं पुन्हा मोजकी, आणि सगळ्यात वर 'ओव्हन बंद'. म्हणजे जावयाचं शिक्षण पुन्हा पहिल्यापासून सुरू, आणि वर्षभरात व्यंकट पुन्हा तळाला.

चार दिवस शांततेत गेले. मग फोन आला. काळ्या खुर्च्या, आत्ताच्या आत्ता. बूथमध्ये पांढऱ्या कॉट टांगलेल्या होत्या. मी पट्टी ओढली आणि पडद्यानं कारण विचारलं. कारण दिल्याशिवाय तो बदल घेत नाही. शेखभाई सवयीनं पुढं झाले. व्यंकट ओव्हनपाशी उभा राहून आमच्याकडं बघत होता. मी शेखभाईंना थांबवलं आणि निखिलशेठना फोन लावला. "शेठ, मला यातलं एकही कारण खरं दिसत नाही. खोटं मी टाकणार नाही. तुम्ही खाली या आणि तुमच्या हातानं टाका."

ते आले. तणतणत आले. पडद्यासमोर उभे राहिले. वेल्डिंग थांबलं, घासणारे थांबले, सगळे कामगार जागच्या जागी उभे. निखिलशेठनी बोट उचललं, यादीवरून खालीवर नेलं. 'ओव्हन बंद'वर येऊन ते थांबलं. पलीकडं उघड्या ओव्हनची धग इथवर येत होती आणि व्यंकट त्यांच्याकडंच बघत होता.

त्यांनी हात खाली घेतला. "राहू द्या," म्हणाले. "खुर्च्या उद्या, शेवटी घ्या."

मला निवृत्तीनंतर मुदतवाढ मिळाली नाही. आमच्याकडं ती सगळ्यांना मिळते, मला मिळाली नाही, आणि त्याचं वाईट वाटलं. खोटं कशाला सांगू? मला अजून काम करायचं होतं. पण त्या दिवशी निखिलशेठ जिना चढून गेल्यावर व्यंकटनं एकदा ओव्हनच्या तापमानाच्या काट्याकडं बघितलं आणि पांढऱ्या कॉट आत घेतल्या.